रिकामी टाकी रिकामी नसते

गणेश चतुर्थी आठ दिवसांवर आली होती. घरोघरी झाडलोट चालली होती, मखराच्या बांबूची शोधाशोध चालली होती. अशा एका रविवारी सकाळी आमचा पुतण्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी काखेत मारून अंगणात हजर झाला. मुलगा फ्लिक आँ फ्लाकच्या एका हॉटेलात कामाला आहे. त्याची गाडी दिवसभर समुद्राच्या वाऱ्यावर उभी असते. टाकीच्या पोटाखाली टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले होते आणि थेंब थेंब लेसांस गळत होते.

“काका, शेजारच्या गल्लीतल्या मित्राकडे वेल्डिंगचे यंत्र आहे. दहा मिनिटांचे काम आहे म्हणतो. पैसेही घेणार नाही. तुमची गाडी तेवढी द्या, टाकी घेऊन जातो.”

आम्ही विचारले, “आतले पेट्रोल काढलेस का?”

“दोन दिवस झाले. झाकण उघडे टाकून उन्हात ठेवली होती. आता वाससुद्धा येत नाही.”

हे शब्द ऐकले आणि आमच्या अंगावर काटा आला. कारण हेच शब्द, जवळजवळ याच क्रमाने, आम्ही पस्तीस वर्षांपूर्वी याच अंगणात ऐकले होते.

तात्यांचा कान

आमच्या वडिलांचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर तात्या म्हणते, साखर कारखान्याच्या कार्यशाळेत पत्र्याचे काम करीत. हाताला मोठे कसब. कुणाची घागर गळो, कुणाच्या छपराची पन्हळ फुटो, तात्या संध्याकाळी कामावरून आले की डाख लावून देत. तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. एका ओळखीच्या गृहस्थाची जुन्या मोटारीची टाकी गळू लागली. तात्यांनी ती उतरवली, पालथी घालून निथळली, दोन दिवस उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी नाकाजवळ नेऊन हुंगली आणि म्हणाले, “वाससुद्धा येत नाही.” मग त्यांनी दिवा पेटवला.

मोठा आवाज झाला असे लोक म्हणतात. आम्हांला आठवते ते इतकेच, की अंगणातल्या सगळ्या कोंबड्या एकदम उडाल्या आणि आजी स्वयंपाकघरातून अनवाणी धावत आली. टाकीचा तळ फाटून कुंपणापलीकडे जाऊन पडला होता. तात्यांचे केस आणि भुवया जळाल्या, उजवा हात भाजला आणि डावा कान कायमचा गेला. टाकीचे तोंड थोडे दुसरीकडे होते म्हणून ते आज आपल्यात आहेत.

नवल म्हणजे पुतण्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तात्या आजोबांशी बोलायचे तर उजव्या बाजूला बसावे, एवढे तो लहानपणापासून शिकला होता. का, ते त्याला कुणी सांगितले नव्हते. तात्यांनाही तो विषय आवडत नसे. कसबी माणसाला आपल्या चुकीची लाज वाटते, आणि घरचे त्या लाजेचा मान राखतात. पण त्या मानापायी तोच अपघात दुसऱ्या पिढीत घडायला एक गल्लीचे अंतर उरले होते, हे त्या रविवारी आमच्या ध्यानी आले.

पाटीवरचा हिशेब

आम्ही पडलो शिक्षक. रागावण्याऐवजी आम्ही खडू घेतला आणि अंगणातल्या फरशीवरच हिशेब मांडला. वाचकांनीही तो एकदा करून पाहावा.

जळते ते पेट्रोल नव्हे, जळते त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. हवेत वाफ शेकडा दीडपेक्षा कमी असेल तर ती पेट घेत नाही. शेकडा साडेसातपेक्षा जास्त झाली तर जळायला हवा अपुरी पडते. या दोन आकड्यांच्या मधले मिश्रण मात्र ठिणगी लागताच स्फोट करते.

आता एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारे पावणेदोनशे लिटर जागा व्यापते. म्हणजे एक मिलिलिटर पेट्रोलपासून पाव लिटरलाही थोडी कमी वाफ होते. पुतण्याची टाकी बारा लिटरची. बारा लिटर हवेत एवढी वाफ म्हणजे शेकडा दीड. स्फोटाला तेवढी पुरे! एक मिलिलिटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. पूर्ण चमचाभर पेट्रोल उरले असेल तर प्रमाण शेकडा सातच्या आसपास जाते, म्हणजे अजूनही स्फोटाच्याच हद्दीत.

काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत हवा भरपूर आणि वाफ मोजकीच, म्हणजे बंदुकीच्या नळीत दारू ठासावी तसा बेत जमतो. भरलेली टाकी निर्धोक असते असे कुणी समजू नये, तिच्या तोंडाशीही वाफ हवेत मिसळतच असते. पण माणूस भरलेल्या टाकीला भितो आणि रिकामीला भीत नाही. खरा घात तिथेच होतो.

“पण काका, दोन दिवसांच्या उन्हात चमचाभर पेट्रोल उडून जाणार नाही का?”

प्रश्न चांगला होता. उघड्या ताटातले उडून जाईल. टाकी म्हणजे ताट नव्हे. दोन पत्रे जिथे जोडलेले असतात त्या सांध्याच्या घडीत, आतल्या आडव्या पट्टीमागे, गंजाच्या खपल्यांखाली पेट्रोल लपून बसते. शिवाय जुने पेट्रोल वाळून आतल्या बाजूला डिंकासारखा थर धरते. थंड असताना त्याला वास नसतो. बाहेरून ज्योत लावली की पत्रा तापतो, तो थर वाफ सोडू लागतो आणि ज्या टाकीत क्षणापूर्वी काही नव्हते तिच्यात सारे काही तयार होते. नाकाला काय कळले यावर भरवसा ठेवू नये. तात्यांच्या नाकाने त्यांना फसवले नाही, ज्योतीने फसवले.

डिझेलच्या टाकीलाही हाच नियम लागू. डिझेल थंडपणी सहज पेटत नाही, पण तापवले की तेही वाफ सोडते. पेट्रोल तर उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ देते. क्युरपीपच्या हिवाळ्यात आपण लोकरी बंडी चढवतो, पेट्रोलला तो उन्हाळाच.

टाक्या का गळतात?

आपल्या बेटावर टाकी दोन बाजूंनी मरते. बाहेरून समुद्राचा खारा वारा रंगाखाली शिरतो. आतून पाणी काम करते. टाकी अर्धवट रिकामी ठेवली की रात्री आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर दव होऊन बसतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी सर्वांत खोल कोपऱ्यात साचते आणि वरून पेट्रोल असल्यामुळे उडूनही जात नाही. तिथेच गंज लागतो. मुसळधार पावसात झाकणावाटेही पाणी शिरते. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या होत्या, ते सर्वांना आठवत असेल. ज्यांची वाहने अशी कधी पाण्यात बुडाली असतील त्यांनी टाकीचा तळ एकदा तपासून घ्यावा.

म्हणूनच बाहेर टाचणीएवढे दिसणारे छिद्र आत तळहाताएवढ्या गंजाचे टोक असू शकते. दगड लागून किंवा एखादा बोल्ट घासून पडलेले भोक वेगळे आणि गंजाने पडलेले वेगळे. पहिल्याला ठिगळ पुरते. दुसऱ्याला बहुधा पुरत नाही.

घरी काय करता येते

आता घरी करण्याजोगे काम सांगतो. यात आग, डाख, वेल्डिंग, ड्रिल किंवा घासणारे विजेचे यंत्र यांपैकी काहीही नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

काम उघड्यावर करावे, गाराजच्या आत नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि दहा-पंधरा पावलांवरच्या गॅसच्या शेगडीला जाऊन भेटते. म्हणून देवघरातला दिवा, अगरबत्ती, डासांची कॉइल, स्वयंपाकाची चूल, सिगारेट, सारे विझलेले असावे. मुलांना आजीकडे पाठवावे. जवळ वाळूची बादली आणि असल्यास पावडरचे अग्निशामक नळकांडे ठेवावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरत जाते.

गाडीच्या बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी, मग दुसरी. पेट्रोलची तोटी बंद करून टाकी उतरवावी. आतले पेट्रोल पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात, आपोआप ओघळू देऊन काढावे. नळी तोंडात धरून ओढण्याची जुनी सवय आपल्याकडे अजून आहे. ती सोडून द्यावी. घोटभर पेट्रोल श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. आणि सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरून ठेवू नये. तहानलेले मूल लेबल वाचत नाही.

टाकी उतरवण्यापूर्वीच गळतीची जागा खडूने खुणावावी, नंतर ती सापडत नाही. मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून टाकी खळखळून धुवावी. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. नंतर झाकण आणि तोटी काढून सावलीत, वाऱ्यावर पुरी वाळू द्यावी. लवकर वाळावी म्हणून केस वाळवण्याचे यंत्र लावू नये.

धुतलेले पाणी गटारात किंवा कालव्यात ओतू नये. आपल्या गटारांचे पाणी शेवटी समुद्राच्या कुशीत जाते. ऑगस्ट २०२० मध्ये वाकाशियो जहाजाचे तेल अडवण्यासाठी याच बेटाच्या लोकांनी उसाच्या पाचटाच्या लांबलचक उशा शिवल्या होत्या. ते हात आपले असतील तर डबाभर घाण पेट्रोल आपण मागच्या दाराने समुद्रात सोडू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवावे आणि जळके तेल स्वीकारणाऱ्या गाराजवाल्याला विचारून त्याच्याकडे सोपवावे.

टाकी वाळली की छिद्राभोवती दोन-तीन सेंटिमीटर जागेतला रंग आणि गंज हाताने पॉलिश पेपर घासून काढावा. पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. रंगावर लावलेले ठिगळ रंगाबरोबरच निघून येते. मग केंकायरीत मिळणारा दोन भागांचा इपॉक्सी लगदा घ्यावा. तो पेट्रोलला टिकणारा आहे असे पाकिटावर लिहिलेले असले पाहिजे. फ्रेंचमध्ये लिहिलेले असेल तर “एसांस” हा शब्द शोधावा. साधा डिंक आणि रबराचे सोल्यूशन पेट्रोलमध्ये विरघळतात आणि खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन फुगून सुटते. हातमोजे घालून लगद्याचे दोन्ही भाग एकच रंग होईपर्यंत मळावेत, छिद्रात दाबून भरावेत आणि कडा पत्र्यावर पातळ पसरावी. पाकिटावर जितका वेळ सांगितला असेल तितका, बहुधा पुरा एक दिवस, हात लावू नये. घाई करणाऱ्याचे ठिगळ पहिल्याच खड्ड्यात सुटते.

नंतर टाकीत आधी पाणी भरून पाहावे. खाली कोरडा कागद अंथरावा, तासाभराने तो कोरडाच असावा. पाणी ओतून, टाकी वाळवून, मग ती गाडीवर चढवावी आणि लिटरभर पेट्रोल घालून पुन्हा कागदाची परीक्षा घ्यावी. आमच्या स्वतःच्या मोटारसायकलला दगड लागून पडलेल्या भोकावर असे ठिगळ आहे, त्याला तीन वर्षे झाली.

रस्त्यातच गळती लागली तर कपडे धुण्याच्या साबणाची कोरडी वडी छिद्रावर घासून भरावी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हा उपाय तात्यांचाच. तो गाराजपर्यंत पोहोचण्यापुरता आहे, आठवडा काढण्यापुरता नाही.

कुठे थांबावे

छिद्र दोन पत्र्यांच्या सांध्यावर असेल, नळी जोडण्याच्या तोंडाशी असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर आसपासचा पत्रा लवत असेल, तर ठिगळाचा मोह सोडावा. टाकी प्लॅस्टिकची असेल तर इपॉक्सी तिला धरत नाही, तीही बदलावी. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत इंधनाचा पंप टाकीच्या आतच असतो आणि नळीत दाबाखाली पेट्रोल असते. ती टाकी घरी उघडण्याची वस्तूच नव्हे.

मग गाराजवाले टाक्या वेल्डिंग कशा करतात, असे कुणी विचारील. ज्यांचा तो धंदा आहे ते टाकी तासन् तास वाफेने धुतात, आतली हवा घालवून तिच्या जागी न जळणारा वायू भरतात आणि आत वाफ उरली नाही हे यंत्राने मोजून मगच हात घालतात. ज्याच्याकडे हे मोजण्याचे साधन नाही त्याने टाकीला ज्योत लावू नये. मग तो आपला मित्र असो, शेजारी असो की चाळीस वर्षे पत्रा ठोकलेला आपला काका असो. पाणी भरून डाख लावा असा सल्लाही ऐकू येतो. घरच्या घरी तोही करू नये. टाकीचा एखादा कोपरा हवेने भरलेला राहतोच.

एकाची पाच

पुतण्याने हिशेब दोनदा तपासला. मुलगा हट्टी आहे पण गणितात कच्चा नाही. मग आम्ही दोघांनी टाकी धुतली, वाळवली आणि आतला गंज किती आहे ते पाहण्यासाठी तिच्यात पांढरे व्हिनेगर भरून एक रात्र ठेवली. व्हिनेगर गंज खाते. सकाळी ओतून पाहतो तो एका छिद्राची पाच झाली होती! इतके दिवस गंजानेच त्यांना बुजवून ठेवले होते. दोन तर थेट सांध्यावर. आत खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी फिरवून टाकी पुन्हा धुतली, पण तिला ठिगळ लावण्याचा विचार मनातून गेला होता. त्या पत्र्यावर वेल्डिंगही टिकले नसते. कागदासारखा पत्रा ज्योतीपुढे वितळून मोठे भगदाड मात्र पडले असते.

सोमवारी पुतण्या बसने कामाला गेला. आठवडाअखेर त्याने जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून बरी टाकी मिळवली, गणपतीसाठी बाजूला ठेवलेले थोडे पैसे त्यात गेले. मखर यंदा साधे झाले. कुणाची तक्रार नव्हती.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती आटोपल्यावर तो तात्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि त्याने सरळ विचारले, “तात्या आजोबा, त्या दिवशी काय झाले होते?” आम्हांला वाटले, म्हातारा उठून जाणार. तात्या बराच वेळ मोदकाच्या ताटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सारे सांगितले, दिवा कोणता होता, टाकी कशी धरली होती, इथपर्यंत. शेवटी म्हणाले, “मला काम येत होते. म्हणूनच मी विचारले नाही कुणाला.”

आमच्या वर्गातली मुले वय वाढेल तशी मोटारसायकली घेतील, गाड्या घेतील, पैसे वाचवायला घरी दुरुस्तीही करतील. ती करावीच. आपल्या वाडवडिलांनी या बेटावर हाताच्या कसबावरच घरे उभी केली. पण ज्या घरात असा एखादा कान गेलेला असेल, बोट तुटलेले असेल, भाजल्याचा डाग असेल, तिथल्या वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. तो डाग झाकू नका. मुलांना जवळ बसवून सांगा. आणि या आठवड्यात ज्यांच्या अंगणात एखादी रिकामी टाकी उन्हात वाळत पडली असेल, त्यांनी तिच्याजवळ काडी ओढण्यापूर्वी चमच्याच्या पाचव्या भागाचा हिशेब एकदा आठवावा. तरीही कुठे दुर्घटना झालीच, तर आगीच्या बंबासाठी ११५ आणि रुग्णवाहिकेसाठी ११४ हे दोन क्रमांक घरातल्या लहानांनाही पाठ असू द्यावेत.